‘इस’ की ‘उस’?

मालेगावच्या यंत्रमाग कामगारांत काम करताना आम्ही उर्दू शिकलो. पत्रक कामगाराच्या लिपीत नसेल, तर ते वाचणार कोण? तेथल्या एका विणकराची नात इंग्लंडात वाढली. शाळेत जाऊ लागली आणि घरची उर्दू जिभेवरून उतरली. आजोबाही तिकडेच वारले. विसाव्या वर्षी ती पुन्हा अक्षरे गिरवू लागली, आणि आजोबांनी गावी धाडलेली पत्रे वाचायला मालेगावी आली.

उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. अलिफपुढे सीन आला, की ‘इस’ही होते नि ‘उस’ही. एका पत्रात आजोबांनी लिहिले होते, की अमुक मुलखात आता जीव रमायचा नाही. ‘इस मुल्क’ की ‘उस मुल्क’? मुलगी अडली, आम्हीही अडलो. आजोबांच्या धाकट्या भावाने मात्र झटकन वाचले, “उस! बेटी, तुला सोडून भाईजान इथे रमले नसते.”

अक्षरे पुस्तक शिकवते. राहिलेला स्वर माणसेच भरतात. म्हणून तरुणांनी वडीलधाऱ्यांजवळ बसावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या उच्चारांना हसू नये, एवढीच आमची विनंती.