तार आपली, अंगण शेजाऱ्याचं



आयोजकांनी मला शेजाऱ्यांच्या हक्कांवर बोलायला सांगितलं आहे. मी इंजिनिअर, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आलिम नाही आणि वकीलही नाही. म्हणून आमच्या घरच्या एका वायरची गोष्ट सांगतो. तिच्यात चूक माझी होती.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी १९९४ साली वीज आली. विजेचा खांब पाखाडीवर, मध्ये शेजारच्या चाचांचं अंगण आणि पलीकडे आमचं घर. चाचांचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते म्हणाले, "जाऊ दे की वरून. अंधारात किती दिवस काढाल?" सर्व्हिस वायर त्यांच्या अंगणावरून आमच्याकडे आली. कागद काही झाला नाही.

पंचवीस वर्षांनी मुलाचं लग्न ठरलं म्हणून चाचांनी पडवी पाडून स्लॅब घातला, वर खोली काढायला घेतली. अब्बांना म्हणाले, "तुमची वायर हलवा." अब्बा म्हणाले, "इतकी वर्षं आहे, आता तो आमचा हक्क." शब्दाने शब्द वाढला आणि अब्बांनी मला फोन केला.

मी पुण्यात बसून एक पत्र तयार केलं. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो, असं ठोकून दिलं. शेवटी हदीसही घातली. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायला मनाई करू नये, ही हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मग ते पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आमच्या दारापासून तीस पावलांवर राहणाऱ्या माणसाला!

त्या रमजानमध्ये गडग्यावरून इफ्तारीचं ताट आलं नाही. आमचंही गेलं नाही. ईदला घरी गेलो तेव्हा अम्मी म्हणाली, "कायदा पाठवलास, पण आधी येऊन बघितलंस का?"

मग बघायला गेलो. चाचांच्या मुलाने मला स्लॅबवर नेलं. वायर माझ्या छातीशी होती. ऊनपावसाने तिच्या आवरणाला भेगा पडलेल्या आणि हातभर अंतरावर कॉलमच्या सळ्या उभ्या. गवंडी रोज तिथे वावरत होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरगुती दाबाची उघडी तार सपाट गच्चीच्या किमान २.५ मीटर वर आणि बाजूने १.२ मीटर लांब हवी. भेगा पडलेली वायर ही उघडी तारच समजायची. मी इंजिनिअर असून ती न बघताच पत्र लिहिलं होतं.

नंतर कायदाही नीट वाचला. २० वर्षांची वहिवाट हक्क म्हणून केलेली असावी लागते. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्याचा असा हक्क होत नाही. आमची वायर तर दादांच्या होकारावर आली होती! शिवाय २००६ च्या नियमांनुसार वीज कंपनीला खासगी जागेवरून लाइन नेताना मालकाची संमती घ्यावी लागते. मालकाने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. लाइन टाकून झाल्यावरही मालकाने पुरेसं कारण दाखवलं तर ती हलवण्याचा आदेश निघू शकतो. चाचांकडूनही एक गोष्ट राहिली होती. लाइनजवळ बांधकाम करण्याआधी वीज कंपनीला लेखी कळवायचं असतं, ते त्यांनी केलं नव्हतं.

आणि हदीस? ती भिंतीच्या मालकाला उद्देशून आहे. लाकूड ज्याचं आहे त्याने ती काठीसारखी उगारायची नाही. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये एक प्रसंग आहे. दह्हाक बिन खलीफा यांना पाण्याचा पाट मुहम्मद बिन मस्लमा यांच्या जमिनीतून न्यायचा होता आणि ते अडून बसले. हजरत उमर यांनी पाट नेऊ दिला. पण त्यांनी कारणही दिलं होतं: यात तुझा फायदा आहे, नुकसान नाही, मग अडवतोस का? आमच्या वायरने चाचांचा काही फायदा नव्हता आणि धोका मात्र त्यांच्या डोक्यावर होता.

मी चाचांची माफी मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र वाचून दाखवताना मुलगी रडली होती." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे दोन्ही घरांनी मिळून वीज कंपनीकडे अर्ज केला. कंपनीच्या माणसांनी वायर उतरवली आणि गडग्याच्या कडेने जमिनीखालून आर्मर्ड केबल टाकली. खर्च निम्मा निम्मा. केबल अजूनही चाचांच्याच जागेतून जाते. पण आता कागद आहे: कुठून जाते, किती खोल आहे, उद्या हलवायची झाली तर खर्च कोणाचा. खाली दोन्ही घरांच्या सह्या.

तुमच्यातल्या अनेकांच्या घरची विजेची, नळाची, इंटरनेटची लाइन कुणाच्या तरी अंगणातून किंवा गच्चीवरून येत असेल. या सुट्टीत घरी गेलात की ती बघा. लोंबत असेल तर शेजाऱ्याने सांगायची वाट बघू नका. ज्यांनी परवानगी दिली ते आज हयात नसतील तर त्यांच्या मुलांना पुन्हा विचारा. आणि आपल्या जागेतून दुसऱ्याची लाइन जात असेल, धोका नसेल, तर ती हदीस आठवा. ती तेव्हा आपल्यासाठी आहे.