कमरेला बरगडी का नसते?

आजचा भाग माझ्या एक्स-रेपासून सुरू होतो. दोन महिने कंबर दुखत होती, म्हणून काढला. डॉक्टर म्हणाले, "दुखणं तासन् तास बसण्याचं आहे. पण हे बघा, कमरेच्या पहिल्या मणक्याला छोटीशी बरगडी आहे. घाबरू नका, काही जणांना असते."

मी दुखणं विसरूनच घरी आलो. कमरेला बरगडी? मग वाचत गेलो तसं लक्षात आलं की प्रश्न उलटा विचारायला हवा. बाकीच्यांना ती का नसते?

एक करा. हात छातीच्या बरगड्यांवर ठेवा आणि खाली सरकवा. एका ठिकाणी हाड संपतं, मऊ लागतं. ही मोकळी जागा आपल्या पूर्वजांना फार उशिरा मिळाली.

साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वी दोन घराणी वेगळी झाली. एकातून पुढे सरडे, साप, मगरी, पक्षी आले, दुसऱ्यातून आपण. म्हणजे सरडा आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन आठवतोय? खेळण्यांच्या दुकानात तो डायनोसॉरच्या पाकिटात मिळतो, पण तो आहे आपल्या घराण्यातला, आणि डायनोसॉरच्या कितीतरी आधीचा. त्याच्या कण्यावर बरगड्या मानेपासून जवळजवळ कमरेच्या हाडापर्यंत. मान, छाती, कंबर असा आपल्यासारखा ठळक फरक नाही.

मग फरक पडला कसा? २०१८ साली कॅटरिना जोन्स, स्टेफनी पिअर्स आणि सहकाऱ्यांनी जीवाश्मांचे मणके एकेक करून मोजले. मला वाटलं होतं, आधी कंबर वेगळी झाली असेल. तसं नाही! आधी खांद्याजवळचा भाग वेगळा झाला. पुढच्या पायांची ठेवण आणि काम बदलू लागलं, तसा तिथला कणाही बदलला. कंबर नंतर. २५ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत थ्रिनॅक्सोडॉन नावाचा एक छोटा प्राणी होता. त्याच्या कमरेकडच्या बरगड्या आखूड झालेल्या दिसतात, पण गेलेल्या नाहीत. काम अर्धवट सोडल्यासारखं.

बरगड्या हटल्या की पाठ वर-खाली वाकायला मोकळी होते. धावणारा कुत्रा आठवा, कसा गोळा होतो आणि लांब होतो! पूर्वी सांगायचे की आपले पूर्वज आधी सरड्यासारखे डावी-उजवीकडे वळवळायचे आणि मग वर-खाली वाकायला लागले. याच गटाच्या २०२१ च्या अभ्यासात ते जमेना. त्या पूर्वजांचा कणा बराच ताठ निघाला. सरड्यासारखाही नाही, कुत्र्यासारखाही नाही. मला हा भाग सगळ्यात आवडला, कारण आपण उगाच चुलतभावालाच आजोबा समजत होतो.

आता आईच्या पोटात चला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर मण्यांसारख्या गाठी एकामागून एक तयार होतात, डोक्याकडून शेपटीकडे. त्यांतूनच मणके बनतात. कोणत्या गाठीने काय व्हायचं, हे हॉक्स नावाची जनुकं ठरवतात. २००३ मध्ये डेनीन वेलिक आणि मारियो कॅपेकी यांनी उंदरांमधली हॉक्स-१० गटाची सगळी जनुकं बंद केली. काय झालं? कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या! म्हणजे बरगडी काढणं ही मणक्याची जुनी सवय, आणि कमरेत कुणीतरी तिला "इथे नको" म्हणून अडवतं.

माझ्या त्या एका मणक्याशी नेमकं काय झालं, ते एक्स-रेवरून कळत नाही. कंबर अजून दुखते, दर अर्ध्या तासाने उठतोय. आईला फिल्म दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बघ, मोजून नाही दिलं तुला. एक जास्तच दिली."