पहिला चीक वासराचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



गाय व्याली, गोऱ्हा झाला की घर आनंदते. पुढे त्याच्याच मानेवर जू येणार असते. पण तिसऱ्या दिवशी पांढरी-पिवळी पातळ हगवण लागते, डोळे खोल जातात आणि रातोरात वासरू जाते. आपण म्हणतो, नशीब. मी सांगतो, हे नशीब नाही. याचे कारण माहीत आहे आणि त्यावर उपायही आहे.

पहिल्या तीन-चार दिवसांतल्या अशा हगवणीमागे बऱ्याचदा ई. कोलाय हा जंतू असतो. तो तर तुमच्या-माझ्या आतड्यातही आहे आणि निमूट राहतो. मग हाच जंतू मारेकरी कसा होतो?

याचा उलगडा इंग्लंडमध्ये डुकरांच्या पिल्लांवर झाला. जंतूत मुख्य वारशाखेरीज जनुकांची छोटी सुटी कडी असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. हगवण लावणाऱ्या जंतूत एका कड्यावर विष बनवणारी जनुके होती आणि दुसऱ्यावर के-८८ नावाचे चिकट तंतू बनवणारी. १९७१ साली स्मिथ आणि लिंगूड या संशोधकांनी तंतूंचे कडे काढून टाकले. विष शाबूत होते, पण जंतूला लहान आतड्यात ठाण मांडता आले नाही आणि रोग झाला नाही. कडे परत दिले, रोग परत आला. उलट विषाचे कडे काढले तेव्हा जंतू चिकटून वाढला, पण त्याचा जोर मोडला.

म्हणजे नुसत्या विषाने भागत नाही, आधी पकड लागते. आतडे हा वाहता ओढा आहे. जो धरून राहत नाही तो शेणावाटे बाहेर जातो. धोतराला कुसळ धरते तसा हा जंतू आतड्याला धरतो आणि तिथेच विष सोडतो. मग अंगातले पाणी आणि मीठ आतड्यात झिरपत राहते. वासरू सुकून मरते.

वासरातल्या जंतूच्या तंतूंना के-९९ म्हणतात. पहिल्या काही दिवसांच्या आतड्यावरच त्यांची पकड चांगली बसते. तेवढे दिवस निभावले की हा धोका ओसरतो.

पकड मोडता येते. १९७३ मध्ये डुकरिणींना के-८८ ची लस दिली आणि त्यांच्या चिकातून पिल्ले वाचली. चिकातले रक्षक घटक तंतूंनाच जाऊन बिलगतात, मग जंतूला धरायला जागा उरत नाही. हे रक्षक वासराला गाईच्या पोटात असताना मिळत नाहीत, ते फक्त चिकातून मिळतात. आणि ते रक्तात शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते. चोवीस तासांत ती जवळजवळ संपते.

आणि आपण काय करतो? वार पडेपर्यंत चीक पाजत नाही! चिकाने वार अडत नाही. उलट वासरू लुचले की गर्भाशय आकसते. म्हणून तासा-दोन तासांत चीक पाजा. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी किमान दोन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. कास धुवा, जागा कोरडी ठेवा.

हगवण लागलीच तर दूध तोडू नका. मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजत राहा. वासरू उभे राहीना, तर वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. त्याला शिरेतून सलाईन लागेल.

खरवस आपल्यालाही आवडतो. पण तो दुसऱ्या दिवशी. पहिला चीक वासराचा.