स्किझोफ्रेनिया आणि घरचं बोलणं



कॉलेजात जाणारा मुलगा हळूहळू खोलीबाहेर येईनासा होतो. आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही, एकटाच पुटपुटतो. आई म्हणते, नजर लागली. वडील म्हणतात, अंगात आळस भरलाय. मग अंगारे-धुपारे होतात आणि मोलाचा काळ हातचा जातो. स्किझोफ्रेनियाची सुरुवात बऱ्याच घरांत अशी होते. हा मेंदूचा आजार आहे. फार लाड केले किंवा फार धाक ठेवला म्हणून तो होत नाही, हे आईवडिलांनी आधी मनाशी पक्कं करावं.

औषधांनी भास आणि संशय बरेचदा आटोक्यात येतात. निरुत्साह मात्र रेंगाळतो, आणि घरात खटके उडतात ते त्यावरूनच. ‘नुसता लोळत असतो’ असं आपण म्हणतो, पण ते लोळणंही आजाराचाच भाग असतं.

संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये इस्पितळातून घरी परतलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी होती, तिथे आजार जास्त वेळा उलटला. हे मी घरच्यांना बोल लावायला सांगत नाही. बोलण्याची रीत बदलता येते, म्हणून सांगतो आहे.

मुलगा म्हणाला, ‘शेजारी माझ्याबद्दल बोलतायत,’ तर वाद घालू नका, होकारही भरू नका. ‘मला ऐकू येत नाहीये, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. मी बसू का जवळ?’ एवढं पुरे. आणि जेवणात गुपचूप गोळी मिसळू नका. अन्नात कोणी विष घालतंय असा ज्याला संशय आहे, त्याला ते एकदा कळलं की तुमच्यावरचा विश्वास संपतो. गोळी घ्यायला तो तयार नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने बंदही करू नका.

घरच्यांना उपचारात सोबत घेणं आपल्याकडे नवं नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं. पुढे घरच्यांसाठीही आधार उभा राहिला. कॅनडातल्या कॅल्गरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथल्या स्वमदत गटांत रुग्णांचे आईवडील, भावंडं, जोडीदार एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात. सांभाळणाऱ्यालाही झोप हवी, चार तास सुटी हवी, रडायला माणूस हवं. ही चैन नव्हे.

तुमच्या घरात असं काही घडत असेल, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही. तुम्हीही करू शकता.