फायलीनचे दुकान आणि सभासदांची पेढी



एखाद्या कापडवाल्या व्यापाऱ्याच्या दानधर्मावर बोला, असा निरोप व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी पाठविला तेव्हा आम्हाला ही थट्टाच वाटली. ज्यांची तीस वर्षे दुकानांतल्या नोकरांच्या बाजूने मालकांशी भांडण्यात गेली, त्यांनी या व्यासपीठावरून मालकाचे गोडवे गायचे! पण चिटणीस गंभीर होते. तेव्हा मालकांच्या दानाबद्दल आमचे मन फारसे साफ नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या भागातल्या एका मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानाने दिवाळीत अनाथ मुलांना कपडे वाटले. फोटो निघाले, पुढारी आले. त्या समारंभापायी दुकानातल्या मुली सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत पायांवर उभ्या होत्या. त्या जादा तासांचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. दुकानाचे नाव आम्ही घेत नाही. घेतले असते तर, असे एकच दुकान आहे काय, असा प्रश्न तुम्हीच विचारला असता.

म्हणून आम्ही माणूस निवडला तो दूरचा, अमेरिकेतल्या बोस्टन शहराचा. त्याचे नाव एडवर्ड फायलीन. बायकांचे तयार कपडे विकून तो श्रीमंत झाला. त्याच्या दातृत्वाची कथा ऐकण्यासारखी आहे, आणि ती फसली कोठे हेही ऐकण्यासारखे आहे.

फायलीनचा बाप विल्यम हा प्रशियातल्या पोझन प्रांतातला यहुदी. १८४८ साली तो अमेरिकेला गेला. छोटी दुकाने काढली, काही बुडाली, काही तगली. एडवर्ड १८६० साली सेलम गावी जन्मला. लहानपणीच एक पाय अधू झाला. मुलगा अभ्यासात हुशार, हार्वर्ड विद्यापीठात जायची तयारी झालेली. इतक्यात बाप आजारी पडला आणि पोराला पुस्तक ठेवून गज हाती घ्यावा लागला. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली आहे त्यांना या गोष्टीची किंमत सांगायला नको. पुढे १८९१ च्या सुमारास दुकान एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ लिंकन या दोघांच्या हाती आले.

व्यापारी म्हणून तो कसा होता? अव्वल होता. १९०९ साली त्याने दुकानाच्या तळघरात एक नवाच बाजार सुरू केला. इतर दुकानांचा आणि कारखान्यांचा उरलेला माल तो एकगठ्ठा स्वस्तात उचली. प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर तो मांडल्याची तारीख असे. विक्रीचे बारा दिवस गेले आणि कपडा खपला नाही, की किंमत पाव हिश्शाने उतरे. अठरा दिवसांनी निम्मी. चोवीस दिवसांनी चवथाई. आणि तीस दिवसांनीही जो कपडा उरे तो धर्मादाय संस्थेला फुकट जाई. घासाघीस नाही, ओळखदेख नाही, शेठजींची मेहेरबानी नाही. किंमत उतरायची ती पंचांग पाहून. गिऱ्हाईक बाई विचारात पडे : आज घ्यावे की आणखी सहा दिवस थांबावे? थांबले आणि दुसरीने नेले तर? या हुरहुरीवरच तो धंदा चाले. पहिली काही वर्षे तळघर तोट्यात होते आणि भागीदारांनी त्याला वेड्यात काढले. पण १९२९ नंतरच्या मंदीत वरचे मजले ओस पडले तेव्हा याच तळघराने दुकान जगविले.

आता हे जे तीस दिवसांनी धर्मादाय गेले, त्याला दान म्हणावे काय? आमच्या मते ती नीट विचार केलेली गुदामाची सफाई. त्यात वाईट काही नाही. उघड्याला कपडा मिळाला, हे खरेच. पण फायलीनलाही ते दान वाटत नसावे, कारण त्याचे मन दुसरीकडेच लागलेले होते.

दुकानातल्या नोकरांची त्याने एक सहकारी मंडळी केली होती. तिचा दवाखाना होता, खानावळ होती, वाचनालय होते, नोकरांच्या बचतीची आणि कर्जाची पेढी होती. इथपर्यंत आपल्याकडचा एखादा दयाळू गिरणीमालकही गेला असता. फायलीन त्याच्या पुढे गेला. नोकराला काढले, दंड केला, बढती नाकारली, तर तो नोकर लवाद मंडळाकडे दाद मागू शके. आणि त्या मंडळावर बसत नोकरांनी निवडून दिलेले नोकर. दुकानाचा एखादा नियम जाचक वाटला तर पुरेशा बहुमताने तो बदलण्याचाही अधिकार मंडळीला होता. लुई ब्रँडाइस हा पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झालेला कायदेपंडित या कामी त्याचा सल्लागार होता. आणि एक दिवस हे दुकानच नोकरांच्या मालकीचे व्हावे, असे फायलीन उघड बोलत असे.

मंडळी, आम्ही व्यवसायाने संशयी माणसे. मालकाने स्थापलेली नोकरांची संघटना म्हटले की आमच्या कपाळाला आठी पडते. आणि तेही कारणावाचून नव्हे. रसेल सेज प्रतिष्ठानाने १९३० साली या दुकानाचा अभ्यास पुस्तकरूपाने छापला, तोपर्यंत नोकरांच्या मालकीचे ते स्वप्न स्वप्नच राहिले होते. त्याचे कारण पुढे येईलच. आधी हा गृहस्थ आपल्या देशात आला होता, ते सांगतो.

ते साल १९०७. फायलीन जगप्रवासाला निघाला आणि हिंदुस्थानात उतरला. बंगालमध्ये गोर्ले नावाचा इंग्रज अधिकारी सहकारी पतपेढ्यांचे काम पाहात असे. त्याच्याबरोबर फायलीन खेडोपाडी हिंडला. तेथे काय होते? १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याखाली नुकत्याच उभ्या राहिलेल्या लहान लहान पेढ्या. गहाण टाकायला ज्यांच्याकडे काहीही नाही असे शेतकरी एकत्र येत आणि एकमेकांच्या कर्जाला जामीन राहात. एकाने बुडविले तर भार सगळ्यांवर. म्हणून कोणाला बैलासाठी कर्ज हवे आणि कोणाला नुसत्या डामडौलासाठी, याची पारख गावच करी. बँकेतल्या साहेबाला जे कधी कळणार नाही ते शेजाऱ्याला ठाऊक असते, हे या पेढीचे सगळे शास्त्र.

हा कायदा कशातून आला, हे पुणे जिल्ह्याला तरी परके नसावे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोख्यांची होळी केली. दंगा पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पण कायद्याने सावकाराचा हात आखडला तरी शेतकऱ्याची गरज थोडीच आखडते? कर्ज दुसरीकडून मिळायला हवे होते. मद्रासेत फ्रेडरिक निकल्सनने जर्मनीतल्या रायफायझेनच्या ग्रामपेढ्यांचा अभ्यास करून अहवाल लिहिला आणि त्यातून १९०४ चा कायदा जन्मला. म्हणजे गंमत पाहा. कल्पना जर्मनीची, ती आली हिंदुस्थानात, आणि ती पाहून हरखला कोण, तर जर्मन मुलखातून पोट भरायला अमेरिकेत गेलेल्या बापाचा मुलगा!

मात्र ही कल्पना अमेरिकेला आपणच दिली, असे छाती फुगवून कोणी सांगू नये. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आल्फोन्स देजार्दँ याने १९०० सालीच लेव्ही गावी लोकपेढी काढली होती, आणि अमेरिकेत पहिली पेढी निघाली ती १९०८ साली त्याच्याच मदतीने. पण बंगालची खेडी पाहून परतलेला फायलीन कामाला लागला, हे खरे. १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात पतपेढ्यांचा कायदा झाला, त्यात त्याचा हात होता. १९२१ साली त्याने रॉय बर्गेनग्रेन या वकिलाला पगारावर नेमले आणि काम सांगितले ते एवढेच : राज्याराज्यांत जा, कायदे करून घ्या, पेढ्या उभ्या करा. बर्गेनग्रेन तेरा वर्षे हिंडला. १९३४ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी साऱ्या देशासाठी कायद्यावर सही केली. या कामावर फायलीनने स्वतःचे सुमारे दहा लाख डॉलर घातले असे म्हणतात.

हे दान कोणत्या जातीचे होते ते नीट पाहिले पाहिजे. पैसा कर्जदाराला दिला नाही. कर्ज द्यायला पैसा कामगारांचाच. कोणी आठवड्याला पाव डॉलर टाकी, कोणी अर्धा. भाग कितीही असोत, मत एकाला एकच. फायलीनने पैसा दिला तो कायदा होण्यासाठी, प्रचारासाठी, बर्गेनग्रेनच्या रेल्वेच्या तिकिटासाठी. पेढीची किल्ली त्याने आपल्याजवळ ठेवली नाही. त्याने १९१९ साली स्थापलेली संशोधनाची संस्था आजही सेंचुरी फाउंडेशन या नावाने चालू आहे. तिचे काम मोठे आहे, पण त्याबद्दल आमच्यापेक्षा प्राध्यापक अधिक चांगले बोलतील. कामगारांच्या दृष्टीने एक किरकोळ गोष्ट मात्र सांगतो. एक भाषण चालू असतानाच दुसऱ्या भाषेत कानात ऐकू येण्याची जी यंत्रे हल्ली मोठ्या परिषदांतून दिसतात, त्यांच्या मागेही फायलीनचा पैसा आणि चिकाटी होती. ती प्रथम वापरली गेली १९२७ साली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत.

आणि दुकान? आपल्या हाताखालच्या कर्त्या माणसांना त्याने मालकीत वाटा दिला होता. दुकान नोकरांच्या हाती जावे हा त्याचा हट्ट त्यांना पटेना, आणि दुसऱ्या दुकानांशी जूट करावी की नाही यावरूनही वाजले. १९२८ साली भागीदारांनी, आणि त्यांत सख्खा भाऊ लिंकनही, कारभार त्याच्या हातून काढून घेतला. अध्यक्ष हे नाव तेवढे राहिले. दुसऱ्याच वर्षी दुकान एका मोठ्या जुटीत सामील झाले. १९३७ साली पॅरिसमध्ये फायलीन वारला. २००६ साली दुकानाच्या दारावरचे त्याचे नाव उतरले आणि २०११ साली तळघराचा धंदाही दिवाळ्यात मिटला. नोकरांची ती मंडळी, तो लवाद, ते सारे मालकाच्या मर्जीच्या भिंतीला टेकून उभे होते; भिंत सरकली. पतपेढ्यांचे आज त्या देशात तेरा कोटींहून अधिक सभासद आहेत.

ही तुलना आम्ही मालकांना टोमणा मारण्यासाठी करीत नाही. ती आम्हाला झोंबते, म्हणून करतो. आमच्या आजोबांच्या काळी गिरणगावात पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन फाटकावर उभा राही. रुपयाला महिना एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. आज काठी नाही. दुकानातली मुलगी मोबाईलवर अंगठा टेकवून पाच हजार उचलते आणि हप्ता चुकला की तिच्या मामाला, मैत्रिणीला, मॅनेजरला फोन जातात. हे पाहूनच पंधरा वर्षांपूर्वी आम्ही आमच्या संघटनेची पतपेढी काढली. संचालक आम्हीच, कारण संघटनेचे पुढारी आम्हीच. सभासदांना हिशेब कळणार नाही, उगाच गोंधळ होईल, असे आम्ही म्हणत असू. वार्षिक सभा दहा मिनिटांत आटोपत असे. एका संचालकाने भावाच्या नावावर कर्ज उचलले. आम्हाला ते दिसले आणि निवडणूक तोंडावर आहे म्हणून आम्ही गप्प राहिलो. सहा वर्षांत पेढी बुडाली. एका बाईची मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली. ती बाई अजूनही आमच्या सभेला येते, पुढच्या रांगेत बसते आणि काही बोलत नाही.

मालकाने किल्ली ठेवली तर आम्ही त्याला मालक म्हणतो. आम्ही ठेवली तेव्हा आम्हाला कोणीही काही म्हटले नाही.

गेल्या वर्षापासून दुकानातल्या मुलींनी स्वतःच नवी पेढी सुरू केली आहे. आज त्या एक्केचाळीस जणी आहेत. संचालक मंडळावर आम्हाला घेतलेले नाही. आम्ही मागितलेही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या आमच्याच कचेरीत बसतात, वही टेबलावर उघडी असते आणि प्रत्येकीची जमा मोठ्याने वाचली जाते. आम्ही बाहेरच्या खोलीत चहा सांगतो.