भौगोलिक कारणे द्या



‘नॉर्वेची बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत. भौगोलिक कारणे द्या.’ उबदार सागरी प्रवाह असं लिहिलं की गुण मिळायचे. मला मिळाले होते.

गेल्या वर्षी जूनअखेरीस त्याच नॉर्वेतल्या बूडो बंदरातून आम्ही सहा जण शिडाच्या बोटीने निघालो. वेस्टफियॉर्ड ओलांडून लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्वेरला पोचायचं होतं. जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे 100 किलोमीटर. पहिले चार तास मी बादली धरून बसले होते, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

रात्री बारा ते दोन सुकाणूवर माझी पाळी. एकच्या सुमारास सूर्य लोफोटेनच्या डोंगररांगेच्या जेमतेम वर, अगदी नाकासमोर आला. मी घाबरले. सूर्य टेकला ती पश्चिम, हे चौथीपासून डोक्यात बसलेलं! बोट भरकटली समजून मी सुकाणू उजवीकडे वळवलं. शिडं फडफडली. कप्तानबाई वर आल्या आणि न बोलता होकायंत्रावर बोट ठेवलं. आधी आम्ही नीट उत्तरेलाच चाललो होतो. यंत्रावर विश्वास ठेवायचा पगार घेणारी मी, त्याकडे पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसांत पृथ्वीचं उत्तर टोक सूर्याकडे कललेलं असतं. सूर्य मावळत नाही, आकाशात पूर्ण फेरी मारतो. दुपारी दक्षिणेला, आणि मध्यरात्री ध्रुवाच्या पलीकडून दिसतो. उन्हाळ्यात तिथली घड्याळं पुढे असतात, म्हणून त्याची मध्यरात्र एकच्या सुमारास.

तेव्हा मला आपला नववीचा वर्ग आठवला. मध्यरात्रीच्या सूर्याचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “बाई, मग रात्री बारा वाजता तो कुठल्या दिशेला असतो?” बाई, तुम्ही उत्तर देणार तेवढ्यात वर्ग खिदळला. “याला दिशा पण येत नाहीत!” हे वाक्य माझं होतं. मग घंटा झाली. त्या वर्षी भूगोलाच्या तासाला त्याने पुन्हा हात वर केलेला मला आठवत नाही. त्या धड्यावर मला मात्र पैकीच्या पैकी गुण होते.

तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय आणि हसतोय.

अरे, उत्तरेला असतो. माफ कर मला. फोटो आणलाय, जेवताना दाखवते.