कौतुक हवं, पण कशाचं?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे आईवडील हमखास विचारतात, “आम्ही याला काही कमी पडू दिलं नाही, सतत कौतुक केलं, मग याचा आत्मविश्वास गेला कुठे?” या प्रश्नाविषयी आज बोलू या.

आत्मसन्मान म्हणजे ‘मी माणूस म्हणून बरा आहे’ ही मनाची बैठक. ती मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये दहा विधानांची मोजपट्टी केली. ती आजही वापरात आहे. १९८६ मध्ये तर कॅलिफोर्निया सरकारने आत्मसन्मान वाढवण्यासाठी खास कृतिदल नेमलं. मात्र २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी झालेलं संशोधन तपासलं, तेव्हा नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो, असं काही दिसलं नाही.

मग कौतुक करूच नये का? करावं, पण कशाचं ते पाहावं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. पुढे अवघड कोडी आली तेव्हा ‘हुशार’ मुलं लवकर खचली. मेहनतीची शाबासकी मिळालेली टिकून राहिली. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ‘आमचं मूल इतरांहून वरचढ’ असं मानणाऱ्या घरांत मुलांची आत्मप्रौढी वाढत गेली. आत्मसन्मान वाढला तो आईवडिलांच्या मायेमुळे.

याचा संसाराशी काय संबंध? सँड्रा मरे आणि जॉन होम्स यांना असं आढळलं, की ज्यांना स्वतःविषयी खात्री नसते, ते जोडीदाराचं प्रेमही कमीच मोजतात. नवरा दमून गप्प बसला, की बायकोला वाटतं, ‘माझाच कंटाळा आलाय.’ दुखावलं जाण्याआधीच ती अबोला धरते. नवऱ्याला कारण कळत नाही, तोही दुरावतो. नवऱ्यांचंही असंच होतं. प्रेम घरात असतं, पण ते पोचत नाही.

म्हणून मुलाचा निकाल लागेल त्या दिवशी, गुण कितीही असोत, त्याला आधी जवळ घ्या. गुणपत्रिका नंतर पाहा. आणि जोडीदार गप्प असेल, तर मनातल्या मनात निकाल देण्याऐवजी सरळ विचारा, “आज काय झालं?”